नितळ पाण्यातील विष



पाणी नितळ दिसले म्हणजे ते निर्धोक असते, असा आपला समज आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याच्या पाम बेटावर १९७९ साली जे घडले, ते या समजाला धक्का देणारे आहे.

बेटाला पाणी पुरविणाऱ्या सॉलोमन धरणात नील-हरित शेवाळ माजले. पाण्याला वास येऊ लागला, म्हणून धरणात मोरचूद टाकण्यात आला. शेवाळ मेले, परंतु त्याच्या पेशी फुटून आतील विष पाण्यात उतरले. काही दिवसांतच १४८ जण आजारी पडले. त्यांत १३८ मुले होती. त्यांच्या यकृताला सूज आली, मूत्रपिंडांना इजा झाली. सिलिंड्रोस्पर्मॉप्सिन या विषाची रासायनिक ओळख पटण्यास १९९२ साल उजाडावे लागले.

अशी विषे पाणी उकळल्यानेही सहजी नष्ट होत नाहीत. सांडपाण्यातील व खतांतील नत्र आणि स्फुरद हे शेवाळाचे खाद्य होय. तेव्हा जलाशयावर हिरवा तवंग दिसताच आधी पाण्याची तपासणी व्हावी, मोरचुदाचा विचार त्यानंतर करावा. आणि त्याहीपूर्वी गावाचे सांडपाणी जलाशयात जाणार नाही, याची दक्षता आपण सर्वांनी घ्यावी, एवढीच विनंती.