राक्षसाच्या रागाचा हिशेब

परवा संगणकापुढे बसलेला माझा पुतण्या एकदम ओरडला, "अरे थांब ना, आधी त्याला धरू दे!" पाच मित्र आपापल्या घरून एकाच गुहेत चार राक्षसांशी लढत होते. मिनिटभरात पाचही जण मेले. सगळे तुटून पडले ते जखमा भरून काढणाऱ्या मैत्रिणीवर. ती रडवेली होऊन खेळ सोडून गेली.

खेळाचं नाव 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'. ब्लिझार्ड या अमेरिकन कंपनीनं तो २००४ साली आणला. त्यातला राक्षस कुणावर धावणार, हे नशिबावर नसतं. प्रत्येक राक्षसाची जणू एक खतावणी असते आणि तीत प्रत्येक खेळाडूच्या नावावर राग जमा होतो. खेळाच्या मूळ रूपातला हिशेब साधा आहे. एक गुण जखम केली की एक गुण राग. सोबत्याची जखम भरली, तर त्याच्या निम्मा राग. तो लढाईतल्या सगळ्या राक्षसांत वाटला जातो. म्हणजे कुणाला बोट न लावणारा वैद्यही खात्यावर चढतोच!

म्हणून पाचांत एक चिलखती योद्धा लागतो. त्याला 'टँक' म्हणतात. त्याचं काम मारण्याचं कमी, राग अंगावर घेण्याचं जास्त. राक्षसाला डिवचून तो सर्वांत वरच्या नावाची बरोबरी गाठू शकतो. शिवाय थोडी सवलतही असते. टँकच्या नावावर हजार गुण असतील, तर जवळून लढणाऱ्यानं अकराशे ओलांडल्यावर राक्षस त्याच्याकडे वळतो, लांबून मारणाऱ्यानं तेराशे ओलांडल्यावर.

हे आकडे सुरुवातीला पडद्यावर दिसत नसत. खेळाडूंनी लढाया मोजून ते शोधले, राग मोजणारे छोटे प्रोग्रॅम लिहिले. २००८ मध्ये कंपनीनं स्वतःच रागाची खूण पडद्यावर आणली.

आता त्या मुलीचं पाहा. एका उतावळ्या मित्रानं टँकच्या आधीच घाव घातला. राक्षस त्याच्यावर उलटला. त्याला वाचवायला हिनं भराभर जखमा भरल्या. उरलेल्या तिघांच्या वहीत टँकचं नाव अजून चढलंच नव्हतं. तिथं पहिलं नाव लागलं हिचं. ते तिच्यावर धावले. ती पडली, मग बाकीचे.

मी पुतण्याला एवढंच म्हटलं, "हिशेब तुला येतो ना? मग चूक कुणाची ते मांडून बघ." तो बराच वेळ गप्प बसला. मग त्यानं फोन उचलला. आधी तिला केला, नंतर त्या उतावळ्याला.

रात्री पाचही जण पुन्हा गुहेत उतरले. आतून आवाज येत होता, "एक, दोन, तीन, चार... हं, आता मार!"