यकृतातील बिऱ्हाडकरू



हिवतापाचा रोगी तीन दिवस गोळ्या घेतो, ताप उतरतो, आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा हुडहुडी भरते. घरचे म्हणतात, पुन्हा डास चावला. पुष्कळदा तसे नसते. १८९७ साली सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या पोटात हा परोपजीवी पाहिला. पण डास चावल्यापासून रक्तात दिसेपर्यंत माणसात तो दडतो कोठे, हे कळायला १९४८ साल उजाडावे लागले. शॉर्ट आणि गार्नहॅम यांना तो यकृतात सापडला. त्याच्या व्हायव्हॅक्स नावाच्या जातीतले काही जंतू तेथे महिनोन्महिने निजून राहतात.

तेथे तो करतो काय? पेशीतले कोणते जनुक जागे आहे, हे त्याने धाडलेल्या आरएनएच्या निरोपांवरून ओळखतात. पूर्वी त्यासाठी यकृताचा तुकडा वाटून लगदा करीत. आपल्याकडे गुऱ्हाळ काही कोणाला समजावून सांगायला नको. दहा जणांचा ऊस एका चरकातून काढून रस एकाच काहिलीत ओतला, तर त्याची गोडी कळेल. फिका ऊस कोणाच्या कोणत्या सरीतला, ते कळणार नाही. २०१६ साली स्टॉकहोमच्या शास्त्रज्ञांनी तोड काढली. काचपट्टीवर बारीक ठिपके, प्रत्येकाला गटक्रमांकासारखी स्वतंत्र खूण. वर पातळ काप ठेवला की त्यातले निरोप खालच्याच ठिपक्याला चिकटतात. शरीराचा सातबाराच म्हणा ना!

२०२२ साली इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या मंडळींनी, थोड्या निराळ्या रीतीने, हिवताप झालेल्या उंदरांच्या यकृताचा असा नकाशा प्रसिद्ध केला. यकृताच्या प्रत्येक खंडिकेत रक्त कडेने शिरते व मधल्या शिरेतून बाहेर पडते. त्यांना कडेकडच्या काही पेशींत जंतू वाढता वाढताच खुंटलेला आढळला. ज्या पिशवीत तो राहतो, ती फुटलेली होती. यकृत तेच, जंतू तोच. जागा बदलली आणि दैव बदलले. लगद्यात हे कधीच दिसले नसते. त्या पेशींनी नेमके काय केले, हे उलगडले तर औषधाला नवी वाट सापडेल.

मात्र एक गोष्ट लपवीत नाही. उंदरांतला तो जंतू व्हायव्हॅक्ससारखा निजत नाही. निजलेल्यावर आज आपल्याकडे नेहमी देतात ते औषध प्रायमाक्विन, तेही चौदा दिवस. ताप आधीच उतरलेला असतो, म्हणून पुडी कोनाड्यात राहते. मात्र ते सर्वांनाच सोसत नाही, गरोदर स्त्रियांना तर देतच नाहीत. तेव्हा सुरू करणे आणि थांबवणे, दोन्ही डॉक्टरांना विचारूनच.