ऐकणे आणि ऐकवणे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी निरोप धाडला तो असा : "पुस्तके, गाणी, राजकारण, घरसंसार, काय वाटेल त्यावर बोला, पण पंधरा मिनिटांत आटपा." इतके सगळे पंधरा मिनिटांत बसवणे म्हणजे पाहुण्यांची पंगत एका पाटावर बसवण्यासारखे आहे. तेव्हा मी त्यातले एकच धरते. या सगळ्या गोष्टी आपण बायका मुख्यतः कानांनी मिळवल्या, त्या ऐकण्याविषयी बोलते.

माझ्या माहेरी रेडिओ फळीवर असे आणि त्याला भरतकामाचा पडदा असे. दुपारी मुंबई आकाशवाणीचे 'वनिता मंडळ' लागले, की आई शिवण घेऊन बसे आणि शेजारच्या दोघीतिघी निवडायचे तांदूळ घेऊन येत. 'प्रपंच'मधले टेकाडे भावजी आणि मीनावहिनी हे आम्हांला नात्यातलेच वाटत. १९५५ साली पुणे केंद्रावर 'गीतरामायण' सुरू झाले आणि वर्षभर आठवड्याला एक गीत, अशी छप्पन्न गीते लोकांनी ऐकली. त्या वेळी माणसे रेडिओला हार घालीत, असे आई सांगे. मला त्यातले विशेष वाटते ते हे, की एका घरी रेडिओ असे आणि दहा घरची माणसे ऐकत.

पुस्तकांचेही तसेच. आपल्या मंडळात आम्ही लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचली तेव्हा एकीने वाचायचे आणि बाकीच्यांनी साडीला फॉल लावायचे, असा क्रम होता. १९३४ पासून भागाभागांनी निघालेले ते पुस्तक. पण वाचताना वाटे, बाई समोर बसून बोलते आहे. लग्न झाल्यावर जी अक्षरे शिकली, तिने नवऱ्याच्या धर्मांतराचे आणि आपल्या ताटातुटीचे दुःख हसत हसत सांगावे! ते ऐकताना आमच्यातल्या ख्रिस्ती भगिनी आणि हिंदू भगिनी एकाच ठिकाणी हसल्या आणि एकाच ठिकाणी डोळे पुसले. वसईच्या मातीत हे नवल नव्हे. ज्या ओवीत 'ज्ञानेश्वरी' झाली, त्याच ओवीत १६१६ साली फादर स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' छापले गेले. आणि तीच ओवी जात्यावर आपल्या आज्याही म्हणत.

आता घरातली एक गोष्ट सांगते. सूनबाई पहाटे डबे भरून नायगाव स्टेशन गाठते आणि रात्री परतते ती कानात ती बोंडे घालूनच. भाजी चिरतानाही कान बंद. मला राग येई. एके दिवशी मी बोलून गेले, "घरात माणसे आहेत ना गं? त्यांचेही ऐकावे माणसाने."

तिने बोंडे काढली आणि शांतपणे म्हणाली, "आई, गाडीत एका पायावर उभी असते. ऑफिसात सगळे काही ना काही मागतात, घरी आल्यावरही मागतात. एवढा एकच आवाज असा आहे, जो माझ्याकडे काही मागत नाही."

मला उत्तर सुचेना. सुनेला जे बोलले, ते माझी आई रेडिओपाशी बसे तेव्हा तिला कोणी बोलले नव्हते काय? बोलले होते, माझ्या आजीनेच!

मग तिने एक बोंड माझ्या कानात घातले. त्याला पॉडकास्ट म्हणतात. आपल्याला हवे तेव्हा लावता येणारा श्रुतिकेचा किंवा भाषणाचा कार्यक्रम म्हणा ना. मराठीतही पुष्कळ आहेत : पुस्तकांवरचे, आरोग्यावरचे, राजकारणावरचे. काही ऐकण्याजोगे, काही नुसतीच बडबड; पण रेडिओवरही सगळेच काही सोने नव्हते.

राजकारणाचे नाव निघाले म्हणून सांगते. आमच्या घरी निवडणुकीची चर्चा ओटीवर होई आणि चहा आतून जाई. मत कोणाला द्यावे हे मला पुष्कळांनी सांगितले. तुझे मत काय, हे कोणी विचारले नाही. पुढे २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली. २०११ साली राज्याने स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांसाठी राखल्या. फार चांगले झाले. पण २०२० साली पालिकेची मुदत संपली आणि पुढे काही वर्षे कारभार प्रशासकांकडे गेला, तेव्हा नळाला पाणी आले नाही तर कोणत्या बाईचे दार ठोठवावे, हेच कळेना. त्या वर्षांत मला उमजले, की आपले ऐकणारे कोणी असणे ही चैन नव्हे, गरज आहे. आपण ऐकण्यात पटाईत आहोत. ऐकवण्यात मात्र कच्च्या राहिलो.

याची फार मोठी किंमत मी मोजली आहे, ती आज सांगते. माझ्या सासूबाईंना लिहितावाचता येत नव्हते. पण घरच्या लग्नात हळद दळायला जाते पुजले, की त्या ओवीवर ओवी म्हणत. माहेर, भाऊ, पहिला पाऊस, भरतीचे पाणी, सगळे त्यात येई. बोली आपल्या इकडची, पुस्तकात न सापडणारी. त्या दोनदा म्हणाल्या, "लिहून घे गं कोणीतरी." मी म्हणाले, "घेते, आधी ही सुट्टी संपू दे." मग मुलांच्या परीक्षा आल्या, मग पावसाळा आला. पुढे त्यांना माझे नावही आठवेना. शेवटच्या दिवसांत त्या नुसती चाल गुणगुणत. शब्द गेले होते. ती चाल मला येते, पण तिच्यात घालायला माझ्याजवळ शब्द नाहीत.

पुणे जिल्ह्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटविन या दोघांनी १९८० नंतरच्या काळात गावोगावच्या बायांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला घेतल्या. त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या कष्टाने एक लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या आणि २०१७ पासून 'पारी' या संस्थेने त्या लोकांपुढे आणल्या. ज्यांचे घरातही कोणी ऐकले नाही, त्या बायांचा आवाज आज कोणीही ऐकू शकतो. हे काम विद्वानांचे खरे; पण त्याचा आरंभ, समोर बसून "म्हणा आजी" एवढे म्हणण्यात आहे. तेवढे तर आपल्यालाही येते.

म्हणून माझी मंडळाला एकच विनंती. या वर्षी आपण दर महिन्याला एका वडीलधाऱ्या बाईकडे जाऊ. ओवी असो, लग्नाचे गाणे असो, नाताळातले गाणे असो, सुकेळी वाळवण्याची रीत असो, की पूर्वी पाणी कुठून भरत त्याची हकीकत असो. ज्या बोलीत ती सांगेल त्याच बोलीत उतरून घेऊ. फोन मुलींनी धरावा, वही आपण. त्या बाईच्या घरच्यांची आणि तिची स्वतःची परवानगी आधी घ्यावी आणि तिला नको असेल ते गाळावे.

सूनबाईने फोन धरायचे कबूल केले आहे. तिची अट एकच : रविवारची दुपार असावी आणि त्या दिवशी चहा दुसऱ्या कोणीतरी करावा. ओटीवरच्या मंडळींना मी तसे कळवले आहे.

पहिले घर कोणते, ते आज चहाच्या आधी ठरवू या. पंधरा मिनिटे झाली. तुम्ही माझे ऐकलेत. आता मी ऐकायला बसते.