गळाची निवड

गळ टाकून मासे धरणे हा निव्वळ नशिबाचा आणि सोशिकपणाचा खेळ आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. नशिबाचा भाग त्यात मुळीच नाही, असे कोणी म्हणणार नाही. परंतु मासा लागणार की नाही, आणि लागला तर कोणता, याचा अर्धाअधिक निकाल पाण्याकाठी पोचण्यापूर्वी घरीच लागलेला असतो. ज्या क्षणी आपण अमुक जाडीची दोरी व अमुक आकाराचा गळ हाती घेतो, त्या क्षणी काही मासे धरावयाचे आणि काही सोडावयाचे, हे आपण ठरवून टाकतो. साधनाची निवड म्हणजेच माशाची निवड होय, एवढीच गोष्ट आज आपणांपुढे मांडावयाची आहे.

प्रथम ज्या पाण्यावर आपणांस जावयाचे, त्याचा विचार करू. बारामतीतून कऱ्हा वाहते व पुढे नीरेस मिळते. नीरा ही बारामती व इंदापूर या दोन्ही तालुक्यांच्या दक्षिण अंगाने वाहत जाऊन इंदापूरच्या टोकाशी, नीरा नरसिंहपूर येथे, भीमेच्या पाण्यात मिसळते. १८८५ च्या सुमारास पुरा झालेला नीरेचा डावा कालवा याच मुलखातून गेला आहे. भीमेची गोष्ट याहून निराळी. १९८० साली उजनीचे धरण पुरे झाले आणि नदीचे पाणी मागे पसरून भिगवण, पळसदेव, कळाशी या बाजूस केवढा तरी जलाशय तयार झाला. जुने पळसदेव गाव त्या पाण्याखाली गेले. पाणी फार उतरले म्हणजे तेथील पळसनाथाचे देऊळ वर दिसू लागते. तात्पर्य, एकाच तालुक्यात पाण्याचे दोन स्वभाव आहेत. नीरेकडे उन्हाळ्यात धार बारीक होऊन मासा डोहात गोळा होतो. जलाशयात तो विस्तीर्ण, संथ व गाळाच्या पाण्यात हिंडतो, आणि काठच्या गवतात व बुडालेल्या बाभळींच्या खोडांत दडतो. डोहावर चालणारे साधन जलाशयावर चालेलच असे नाही.

आता मासा. या मुलखातील माशांची नावे फार पूर्वीच शास्त्राच्या ग्रंथांत जाऊन बसली आहेत. कर्नल सायक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनच्या नद्यांतील माशांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा त्याने कित्येक जातींना येथल्या लोकांच्या तोंडची नावेच शास्त्रीय नावे म्हणून दिली. पुण्याजवळच्या मुळामुठेतील खवल्यांच्या मोठ्या महसीर माशास त्याने दिलेले 'खुद्री' हे नाव आजही जगभर चालते. तीच मुळामुठा पुढे भीमेस मिळते. तेव्हा ज्याला गळ निवडावयाचा आहे, त्याने शास्त्रज्ञाप्रमाणेच नदीकाठच्या भोई-कोळ्यांना प्रथम विचारावे. कोणता मासा कोठे राहतो, काय खातो, आणि त्याचे तोंड कसे आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की निवड निम्मी झाली.

परदेशी उष्ण प्रदेशांतील नद्यांवर टार्पन नावाच्या माशाची शिकार करण्याची मोठी हौस आहे. हा मासा मूळचा समुद्रातला; परंतु त्याची पिले खाडीच्या आणि नदीच्या संथ, कोंदट पाण्यात वाढतात. पाण्यात प्राणवायू कमी पडला म्हणजे हा मासा वर येऊन हवा गिळतो. त्याचे तोंड हाडासारखे कठीण असल्यामुळे बोथट गळ त्यात रुतत नाही, आणि रुतलाच तर मासा उड्या मारून तो झटकून टाकतो. म्हणून लहान टार्पन धरू इच्छिणारा मनुष्य प्रथम गळाचे टोक पाहतो, नंतर दोरीचे शेवटचे वीतभर टोक पाहतो, आणि काठीचा विचार सर्वांत शेवटी करतो. टार्पन आमच्या भीमेत येत नाही. परंतु त्याचे बरेच गुण आपल्या मरळीत आहेत. तीही हवा गिळते, गवताळ संथ पाण्यात राहते, तिचे तोंडही कठीण आणि दातेरी असते. त्यामुळे विचाराचा हाच क्रम आपणांसही उपयोगी पडतो.

प्रथम गळ. बाजारात गळांना क्रमांक असतात, आणि नवशिका येथेच फसतो. साध्या क्रमांकांत आकडा जसजसा वाढतो, तसतसा गळ लहान होत जातो; दहाचा गळ चारच्या गळापेक्षा बारीक असतो. याच्या उलट, ज्या आकड्यापुढे तिरपी रेघ देऊन शून्य लिहिलेले असते, त्यांत आकड्याबरोबर गळ मोठा होतो. चिलापीचे तोंड लहान. तिला आठ किंवा दहा क्रमांकाचा बारीक गळ आणि त्यावर गांडुळाचा तुकडा अथवा कणकेची गोळी पुरते. मरळीस एक-शून्य ते तीन-शून्य या मापाचा, मजबूत तारेचा गळ हवा. शिवडा हा बिनखवल्यांचा, रुंद जबड्याचा मासा मीटरभराहूनही लांब वाढतो. त्याला याहूनही मोठा गळ लागतो. गळाची परीक्षा सोपी आहे. त्याचे टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच ओढावे. ते नखास अडले तर गळ धारदार. घसरून गेले तर कानशीने घासावा किंवा टाकून द्यावा.

दुसरी गोष्ट दोरीची. पूर्वी सुताची व रेशमाची दोरी वापरीत; ती प्रत्येक वेळी वाळवावी लागे, नाही तर कुजे. नायलॉनचा शोध गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात लागला आणि त्याच्या एकेरी तंतूने गळाची विद्या पालटून टाकली. हा तंतू पाण्यात फारसा दिसत नाही, आणि किंचित ताणला जात असल्यामुळे माशाचा पहिला हिसका सोसतो. चिलापीसाठी दोन-तीन किलोग्रॅम भार सोसणारा तंतू पुरेसा होतो. परंतु मरळ गळ लागताच गवतात घुसते. तेथे ताणला जाणारा तंतू कामाचा नाही. तिला पहिल्या क्षणीच वळवावे लागते. म्हणून तिच्यासाठी आठ-दहा किलोग्रॅम भाराची, अनेक पदरांची विणीव दोरी घ्यावी. ती जवळजवळ ताणली जातच नाही. मात्र गळाजवळचे हातभर टोक जाड नायलॉनचे किंवा तारेचे ठेवावे, कारण मरळीच्या व शिवड्याच्या दातांवर बारीक दोरी घासून तुटते.

दोरीविषयी आणखी दोन गोष्टी. उन्हात पडून राहिलेले नायलॉन दिसावयास चांगले दिसते, पण त्याचा जीव गेलेला असतो. आणि दोरी तुटते ती बहुधा मध्ये नव्हे, तर गाठीशी. गाठ कोरडी आवळली म्हणजे घर्षणाने तापून अशक्त होते. म्हणून आवळण्यापूर्वी ती पाण्याने ओली करावी. बसण्यापूर्वी दोरीचे शेवटचे हातभर टोक बोटांतून फिरवावे आणि कोठे ओरखडा लागला तर ते कापून नवी गाठ द्यावी.

काठीविषयी फार बोलण्याचे कारण नाही. नीरेच्या डोहावर बसून चिलापी धरावयाची असेल, तर सरळ पेरांचा, वाळलेला, लवचिक बांबू आजही उत्तम काम देतो. चक्र, म्हणजे रीळ, लागते ते दोरी लांब फेकावयाची असेल किंवा मासा पळताना दोरी सोडावयाची असेल तेव्हा. चक्राचा रोध दोरीच्या एकूण ताकदीच्या चौथाई ते तिहाईवर लावावा; त्याहून घट्ट केला तर पहिल्याच झेपेस दोरी तुटते आणि मासा गळ तोंडात घेऊन जातो. दोरीस लावावयाचे शिसेही प्रवाहाच्या बेताने घ्यावे. वाहत्या धारेत ते आमिषास तळाशी धरण्यापुरते हवे. संथ पाण्यात भेंडाच्या तुकड्यावर आमिष अधांतरी ठेवावयाचे असेल, तर कणभर शिसे पुरते.

श्रोतेहो, एथवर मासा कसा धरावा हे सांगितले. परंतु जो साधन निवडतो त्याने कोणता मासा धरू नये, हेही ठरविले पाहिजे, आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे. पाण्यात आडव्या लावलेल्या जाळ्याचे उदाहरण घ्या. त्याच्या डोळ्यास मच्छीमार 'आस' म्हणतात. माशाचे डोके आसातून पार होते आणि कल्ल्याशी तो अडकतो. आसापेक्षा लहान मासा निसटून जातो. म्हणजे मोठ्या आसाचे जाळे लावणारा मनुष्य पुढील वर्षाची मासळी आपल्या हाताने पाण्यात सोडीत असतो. याच्या उलट, मच्छरदाणीसारख्या बारीक जाळ्यात बोटभर पिलेसुद्धा सापडतात. ती बाजारात कवडीमोलाने जातात, आणि दोन पावसाळ्यांनंतर जो मासा कुटुंबाचा दिवस काढून देता, तो आजच संपतो. याचा फटका प्रथम बसतो तो पाण्यावर पोट असणाऱ्या मच्छीमारालाच.

गळाचेही असेच आहे. कटला, रोहू, मृगळ हे मासे पावसाळ्यात पुराच्या पाण्याबरोबर वर चढतात आणि अंडी सोडतात. शिवड्याचा विणीचा काळही पावसाळाच. पोटात अंडी असलेली मादी एक धरली की हजारो पिले गेली. मरळीची गोष्ट याहूनही लक्षात ठेवण्याजोगी आहे. नर-मादी गवतात घरटे करून अंड्यांची आणि पिलांची राखण करतात. पाण्याच्या पृष्ठभागावर पिलांचा दाट थवा हलताना दिसला, तर आईबाप खाली आहेत असे समजावे. त्या वेळी ती आमिषावर त्वेषाने धावते आणि सहज सापडते. पण तिला काढले की राखणदार नाहीसा होतो आणि दुसरे मासे तो थवा पाहता पाहता फस्त करतात. असा थवा दिसला की गळ वर घ्यावा. चिलापीची गोष्ट निराळी. १९५२ साली बाहेरून आणलेला हा मासा पिले तोंडात सांभाळतो आणि वर्षातून अनेकदा वितो. तिची लहान मासळी घरी नेली तरी पाणी ओसाड होत नाही.

ज्यास मासा सोडावयाचा आहे, त्याने गळाचा उलटा दात पकडीने दाबून सपाट करावा. दोरी ताणलेली ठेवली तर मासा सहसा सुटत नाही, आणि सोडताना त्याचा जबडा फाटत नाही. माशास धरण्यापूर्वी हात ओले करावेत. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो आणि त्यास रोग जडतो. सुरुंग किंवा विष घालून मासे मारणे हे १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. त्यात निवड म्हणून काही उरतच नाही, मोठा, लहान आणि अंडी सर्व एकदम जाते. जलाशयावर गळ टाकण्यापूर्वी तेथील परवान्याचा नियमही विचारून घ्यावा.

शेवटी दोन सूचना. तुटलेली नायलॉनची दोरी काठावर टाकू नये. भिगवण-कुंभारगावच्या उथळ पाण्यात हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. अशी दोरी त्यांच्या लांब पायांत अडकते आणि वर्षानुवर्षे कुजत नाही. आणि नावेतून जावयाचे असेल, तर अंगावर तरंगणारे जाकीट हे गळाइतकेच आवश्यक साधन समजावे. २०२४ च्या मे महिन्यात कुगावहून कळाशीकडे येणारी बोट सुटलेल्या वाऱ्यात उलटून सहा जणांचा अंत झाला. शांत दिसणाऱ्या त्या पाण्यावर वारा केव्हा उठेल, याचा नेम नसतो.

तेव्हा पुढच्या खेपेस पेटी उघडून गळ निवडताना, याने कोणता मासा धरला जाईल याबरोबरच कोणता मासा सुटेल, असाही प्रश्न मनाशी करावा. त्याचे उत्तर ज्यास देता येते, त्याच्या मुलांनाही भीमा-नीरेच्या काठी गळ घेऊन बसावयास मिळेल.