डोक्यावरचे ओझे

मोटारीच्या छताला काचेची खिडकी असावी, ही हौस भारतात गेल्या काही वर्षांत फार वाढली आहे. एके काळी हे वैभव परदेशी आणि श्रीमंती गाड्यांपुरतेच होते. आज ते मध्यमवर्गीय कुटुंबाच्या लहानशा मोटारीतही आढळते. विक्रेता गाडीचे गुण सांगू लागला की इंजिनाच्या आधी सनरूफ उघडून दाखवितो. साहजिकच ग्राहकाची अशी समजूत होते की, गाडी जितकी मोलाची तितके तिचे आकाश मोकळे.

परंतु केवळ वेगासाठी आणि वळणांसाठी घडविलेल्या मोटारींकडे पाहिले, तर ही समजूत टिकत नाही. जर्मनीतील पोर्शे कंपनीची ‘९११’ ही प्रसिद्ध गाडी घ्या. तिच्या साध्या प्रकाराला सनरूफ मागून घेता येते. त्याच घराण्यातील ‘जीटी३’ ही अधिक वेगवान आणि अधिक महाग गाडी. पण तिच्यावर मात्र बंद छप्परच असते. धाकटीला जे मिळते ते थोरलीला नाकारले जाते, हा उलटा न्याय कशासाठी? कंपनीचा कंजूषपणा हे त्याचे कारण खासच नव्हे. याचे उत्तर पदार्थविज्ञानाच्या काही साध्या नियमांत सापडते.

पहिला हिशेब वजनाचा. मोटारीच्या छताचा पोलादी पत्रा एक मिलिमीटरहूनही पातळ असतो. ०.७ मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर पत्रा घेतला, तर त्याचे वजन सुमारे साडेपाच किलो भरते. काच पोलादापेक्षा हलकी असली, तरी ती इतकी पातळ वापरता येत नाही. चार मिलिमीटर जाडीची तेवढ्याच आकाराची काच दहा किलोंची होते. शिवाय काच नुसती बसवून भागत नाही. ती सरकण्यासाठी रूळ हवेत, सरकविण्यासाठी विजेची मोटर हवी, भोवती भक्कम चौकट हवी, उन्हासाठी पडदा हवा, आणि पावसाचे पाणी वाहून नेण्यासाठी गाडीच्या खांबांतून खाली उतरणाऱ्या नळ्या हव्यात. या साऱ्या संसाराने वीस-पंचवीस किलोंची भर सहज पडते. छतभर पसरलेल्या काचेच्या बाबतीत तर ती त्याहूनही अधिक असते.

दीड हजार किलोंच्या गाडीत पंचवीस किलोंची मातब्बरी ती काय, असे कोणी म्हणेल. येथे वजन किती यापेक्षा ते कोठे आहे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. कडब्याने भरलेली बैलगाडी ज्याने वळणावर पाहिली आहे, त्याला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. तेच ओझे धान्याच्या पोत्यांच्या रूपाने तळाशी असले, तर गाडी निमूटपणे वळते. कडब्याच्या रूपाने उंच रचले, तर ती कलंडू पाहते. ओझे तेच, उंची बदलली की त्याचा स्वभाव बदलतो.

मोटारीचाही एक गुरुत्वमध्य असतो. तो जमिनीपासून अर्धा मीटर उंचीवर आहे असे समजू. दीड हजार किलोंच्या अशा गाडीवर, जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर, पंचवीस किलोंचे जास्तीचे ओझे ठेवले, तर गुरुत्वमध्य सुमारे १३ मिलिमीटरने वर सरकतो. जेथे अभियंते गाडी दहा मिलिमीटर खाली आणण्यासाठी स्प्रिंगा बदलतात आणि चालकाची बैठक जमिनीलगत नेतात, तेथे हे १३ मिलिमीटर म्हणजे त्यांच्या खटपटीवर पाणीच फिरविणे होय.

गुरुत्वमध्य जितका उंच, तितका वळणावर आतल्या चाकांवरचा भार अधिक प्रमाणात बाहेरच्या चाकांवर जातो. हा भार नाहीसा होत नाही, केवळ जागा बदलतो; मग बिघडले कोठे? बिघडते ते टायरच्या स्वभावामुळे. टायरवरचा भार दुप्पट केला तरी त्याची जमिनीवरची पकड दुप्पट होत नाही, त्याहून कमीच वाढते. त्यामुळे बाहेरच्या चाकांनी जे मिळविले, त्यापेक्षा आतल्या चाकांनी गमावलेले अधिक ठरते, आणि गाडीची एकूण पकड घटते. शर्यतीच्या मार्गावर ही घट प्रत्येक वळणावर क्षणाच्या एका अंशाने जाणवते. आणि निसटत्या क्षणी, गाडी ताब्यात राहते की मार्गाबाहेर जाते, हेही अशाच अंशांवर ठरू शकते.

म्हणूनच वेगवान गाड्यांचा इतिहास हा पुष्कळसा त्यागाचा इतिहास आहे. १९७२ च्या ऑक्टोबरमध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात पोर्शेने ‘कॅरेरा आरएस’ ही गाडी मांडली. तिच्या हलक्या प्रकारातून मागची आसने गेली, गालिचे गेले, हात टेकण्याची सोय गेली, एवढेच नव्हे तर घड्याळही गेले. पत्रा पातळ झाला, काचा पातळ झाल्या, आणि वजन ९६० किलोंवर आले. जेथे घड्याळाला थारा नाही, तेथे छतावरच्या खिडकीची मागणी कोण ऐकणार?

पुढे छत हीच काटकसरीची मुख्य जागा ठरली. म्यूनिकच्या बीएमडब्ल्यू कंपनीने २००३ साली ‘एम३ सीएसएल’ या गाडीचे छप्पर पोलादाऐवजी कार्बनतंतूंचे केले. २००७ साली आलेल्या पुढच्या पिढीच्या दोन दारी ‘एम३’मध्ये हे काळे, विणलेल्या कापडासारखे दिसणारे छप्पर नेहमीचेच झाले. ज्याला सनरूफ हवे, त्याला ते मिळे; मात्र त्याबरोबर कार्बनचे छप्पर सोडून पोलादाचे घ्यावे लागे. एका हाताने आकाश घ्यावे आणि दुसऱ्या हाताने चपळता परत करावी, असा तो रोखठोक व्यवहार होता. २०१५ साली पोर्शेने ‘जीटी३ आरएस’साठी त्याहीपुढे जाऊन मॅग्नेशियमचे छप्पर वापरले. अ‍ॅल्युमिनियमपेक्षाही हलका असा हा धातू त्यांनी मुद्दाम गाडीच्या सर्वांत उंच भागासाठी राखून ठेवला, यातच सारे आले.

दुसरा हिशेब ताठपणाचा. पुठ्ठ्याचा खोका झाकणासकट चिकटवून दोन्ही हातांनी पिळून पाहावा; तो दाद देत नाही. झाकण काढले की तोच खोका वेडावाकडा होतो. मोटारीचा सांगाडाही असाच एक खोका आहे, आणि छत हे त्याचे झाकण. त्यात मोठे भोक पाडले, तर पीळ सोसण्याची शक्ती घटते; ती भरून काढण्यासाठी भोवती जाड चौकट घालावी लागते, म्हणजे पुन्हा वजन वाढते. सांगाडा लवचीक असेल, तर स्प्रिंगांनी आणि चाकांनी करावयाचे काम सांगाडाच करू लागतो, आणि चालकाने चक्राला दिलेली आज्ञा चाकांपर्यंत पोचताना अस्पष्ट होते. अर्थात, आजचे कुशल अभियंते सनरूफच्या गाडीचा ताठपणाही उत्तम राखतात. परंतु त्याची किंमत ते किलोंमध्ये मोजतात.

तिसरी गोष्ट डोक्याच्या जागेची. सरकत्या काचेची चौकट छताखाली काही सेंटिमीटर जागा खाते. शर्यतीच्या मार्गावर चालकाच्या डोक्यावर शिरस्त्राण असते, आणि तेही काही सेंटिमीटर मागते. बुटक्या गाडीत ही दोन्ही मागणी एकाच वेळी पुरविता येत नाहीत. या जागेचे मोल किती, याची एक सुंदर कथा आहे. फोर्ड कंपनीच्या ‘जीटी४०’ या गाडीचे नावच तिच्या चाळीस इंच उंचीवरून पडले. डॅन गर्नी हा तिचा एक चालक अंगाने चांगलाच उंच. त्याचे शिरस्त्राण मावेना, तेव्हा छताला त्याच्या डोक्यापुरता एक फुगवटा काढण्यात आला. १९६७ साली गर्नी आणि ए. जे. फॉइट यांनी फ्रान्समधील ल मॉंची चोवीस तासांची शर्यत फोर्डच्या अशाच गाडीतून जिंकली. एका माणसाचे डोके मावावे म्हणून जेथे छताला टेंगूळ आणले जाते, तेथे रूळ आणि मोटर यांना जागा कोठून मिळणार?

चौथा मुद्दा वाऱ्याचा. रिकाम्या बाटलीच्या तोंडावरून फुंकर घातली की ती घुमते. छताची खिडकी उघडून वेगाने गेले की गाडीही तशीच एक प्रचंड बाटली होते, आणि आतली हवा कानठळ्या बसाव्यात अशी थडथडू लागते. शिवाय छतावरून सुरळीत वाहणारा वारा मागच्या पंखापर्यंत नीट पोचावा, यावर गाडीची जमिनीवरची घट्ट बैठक अवलंबून असते. त्याच्या वाटेत उघडे भोक ठेवणे शहाणपणाचे नव्हे.

याचा अर्थ वेग आणि आकाश यांचे कायमचे वैर आहे, असा नव्हे. पोर्शेनेच १९६५ साली भक्कम कमान असलेली, वरचे छत काढता येणारी ‘टार्गा’ पुढे आणली. २०१८ साली बुगाटीने दीड हजार अश्वशक्तीच्या ‘शिरॉन’ गाडीला डोक्यावर दोन काचांची सोय देऊ केली. मात्र त्या काचा पक्क्या बसविलेल्या, न उघडणाऱ्या. ज्याला वेगाबरोबर वाराही हवा, त्याच्यासाठी अशा गाड्या आहेत आणि त्या उत्तम आहेत. फरक आहे तो हेतूचा. मोकळ्या रस्त्यावरच्या आनंदासाठी बनविलेली गाडी थोडे वजन सोसते. घड्याळाशी झुंजण्यासाठी बनविलेली गाडी ते सोसत नाही.

रोजच्या प्रवासाच्या मोटारीला हा कडक नियम लावण्याचे कारण नाही. कार्यालयात जाताना तेरा मिलिमीटरांचा फरक कोणास जाणवणार? पावसाळी ढग किंवा थंडीतले ऊन पाहण्याची हौस असेल, तर ती पुरवावी. फक्त धावत्या गाडीच्या छतातून मुलांना डोके बाहेर काढू देऊ नये, कारण अचानक ब्रेक लागला तर त्यांना सावरणारे तेथे काहीच नसते. पण एखादी महागडी, बुटकी, बंद छपराची गाडी रस्त्यात दिसली, तर तिच्यात काहीतरी उणे आहे असे मानण्याची घाई करू नये. ते उणे मुद्दाम ठेवलेले आहे. यंत्राला काय काय द्यावे हे ठरविणे फारसे अवघड नसते. कशासाठी ते बनवीत आहोत हे ओळखून त्याला काय देऊ नये हे ठरविणे, आणि ग्राहकाच्या आग्रहापुढेही ते टिकविणे, हीच अभियंत्याची खरी कसोटी होय.