पाइनला नावं ठेवण्याआधी

मी दिल्लीतल्या हिंदूरावमधून बोलतोय. नाव मराठीच आहे. कागलच्या घाटग्यांपैकी हिंदूराव, म्हणजे बायजाबाई शिंद्यांचे बंधू, इथल्या टेकडीवरच्या वाड्यात राहत. आज तिथे त्यांच्या नावाचं रुग्णालय आहे. माझा आजचा विषय मात्र लाकडाचा आहे. पाइन. इकडे त्याला चीड म्हणतात. आपल्याला त्या शब्दाने राग आठवतो, आणि पाइनबद्दल बऱ्याच मराठी घरांत थोडा रागच असतो. 'सागवान नाही? मग काय, खोक्याचं लाकूड!'

हा राग निम्मा बरोबर आहे. सागाच्या गाभ्यात वाळवीला न रुचणारी द्रव्यं मुळातच असतात, पाइनमध्ये ती फारशी नसतात. पण पाइनचा एक गुण आपण विसरतो. त्याचा बाहेरचा पांढरट भाग औषध चांगलं पिऊन घेतो. बंद टाकीत लाकूड ठेवायचं, आतली हवा ओढून घ्यायची आणि दाबाने द्रावण भरायचं. मग तेच लाकूड उघड्यावर वर्षानुवर्षं टिकतं.

यातलं जगभर गाजलेलं औषध आपल्या देशातलं आहे. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसम यांनी 1933 साली ते तयार केलं. त्यात तांबं बुरशीसाठी, आर्सेनिक किड्यांसाठी आणि ही दोन्ही लाकडात धरून ठेवायला क्रोमियम. अमेरिकेत घरामागचे कितीतरी डेक याच लाकडाचे झाले. पुढे आर्सेनिकच्या भीतीमुळे तिथल्या उत्पादकांनी 2003 च्या अखेरीस घरगुती वापरासाठी ते बनवणं थांबवलं आणि आर्सेनिक नसलेली, तांब्याची औषधं आली. म्हणून विकत घेताना विचारा, 'औषध कोणतं?' 'ट्रीटेड आहे' एवढ्यावर थांबू नका.

आता बाजारात चला. कीर्तीनगरच्या लाकूडबाजारात न्यूझीलंडचं पाइन मिळतं. ते कांडला बंदरात उतरतं, गांधीधामला कापलं जातं आणि मग इकडे येतं. स्वस्तात हवं असेल तर लोक जुने पॅलेट घेतात. त्यावर 'एचटी' असा शिक्का असतो. अनेकांना वाटतं, म्हणजे वाळवी लागणार नाही. तसं नाही. लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंशांवर 30 मिनिटं तापवलंय, एवढाच त्याचा अर्थ. आत होते ते किडे मेले, उद्या येणाऱ्यांना दार उघडंच आहे. 'एमबी' शिक्का असेल तर धुरी विषारी वायूची दिलेली आहे. तो पॅलेट घरात आणूच नका.

घरातलं कपाट, पलंग, छताच्या फळ्या यांना साधं, नीट वाळवलेलं पाइन चालतं. गाठींतून राळ झिरपते, म्हणून रंगाआधी त्यांवर लाखेचा हात फिरवा. फळी रुंदीत फुगते आणि आकसते. दिल्लीत मे महिना कोरडा ठणठणीत आणि ऑगस्ट दमट, तेव्हा दोन फळ्यांमध्ये फट ठेवा.

गच्चीवरचा मांडव किंवा झोपाळा असेल तर औषध दिलेलंच लाकूड घ्या. खांब मातीत किंवा सिमेंटमध्ये गाडू नका. लोखंडी बुटात, जमिनीपासून थोडा वर उभा करा. कापलेल्या टोकांना पुन्हा औषध लावा, कारण पाणी सगळ्यात जास्त तिथूनच शिरतं. तांब्याच्या औषधाने साधे खिळे खाल्ले जातात, म्हणून स्टेनलेस किंवा जाड जस्त चढवलेले स्क्रू वापरा.

झोपाळ्याचं विशेष सांगतो. खांब वर ठणठणीत दिसतो आणि बुडाशी कुजलेला असतो. दर पावसाळ्यानंतर बुडाला स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. आत रुतला, तर त्या दिवसापासून मुलांना झोपाळा बंद.

आणि शेवटचं. दिल्लीच्या थंडीत रस्त्याकडेला शेकोट्या पेटतात, त्यात मिळेल ते लाकूड जातं. औषध दिलेलं हिरवट लाकूड कधीही जाळू नका, त्याचा भुसा चुलीत किंवा कुंडीतही घालू नका. जुन्या तुकड्यात आर्सेनिक असेल, तर ते धुरात आणि राखेत उतरतं. शेकायला आपलीच मुलं बसलेली असतात.

सागाची ऐपत सगळ्यांची नसते. पाइनची असते. फक्त त्याला त्याची जागा द्या आणि पाण्यापासून जपा.