उल्लेखांचे माप



धान्य मापाने मोजता येते, कापड वारावर मोजता येते. पण शास्त्रज्ञाच्या कामाचे माप कसे घ्यायचे? प्रश्न दूरचा वाटेल. पण त्याच्या उत्तरावर संशोधकाची नेमणूक, बढती आणि अनुदान ठरत असते. म्हणून तो समजून घेऊ या.

शास्त्रज्ञाला काही नवे आढळले, की तो निबंध लिहितो. त्याचा उपयोग पुढे दुसऱ्याला झाला, तर तो दुसरा आपल्या निबंधात पहिल्याच्या कामाची नोंद करतो. ही नोंद म्हणजे उल्लेख. अशा नोंदींची सूची करावी, म्हणजे एखादा विचार कुठवर पोचला याचा माग लागेल, असे अमेरिकेतील यूजीन गारफील्ड यांनी १९५५ साली सुचवले. आज ही मोजणी संगणक करतो.

२००५ साली होर्हे हर्श या पदार्थवैज्ञानिकांनी एक सोपी रीत काढली. तिला एच-निर्देशांक म्हणतात. गुरुजींनी हे उदाहरण फळ्यावर मांडावे. एकाने सहा निबंध लिहिले. त्यांचे उल्लेख झाले ४०, १२, ६, ४, ३ आणि १. आता असं पाहा, निदान चार उल्लेख मिळालेले निबंध चार आहेत. निदान पाच उल्लेख मिळालेले पाच निबंध मात्र नाहीत. म्हणून त्याचा निर्देशांक ४. एखादाच निबंध गाजला म्हणून हा आकडा फुगत नाही, हा त्याचा गुण.

आता हे माप दूरसंवेदनाच्या शास्त्राला लावून बघू. दूरसंवेदन म्हणजे वस्तूला हात न लावता दुरून तिची पारख करणे. निरोगी हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण परत फेकते. या दोहोंच्या तुलनेवरून पिकाची हिरवाई ओळखता येते, हे दाखवणारा निबंध ‘नासा’तील कॉम्प्टन टकर यांनी १९७९ साली लिहिला. पुढे हजारो संशोधकांनी त्याचा उल्लेख केला. उपग्रहावरून दुष्काळाची चाहूल घेताना आजही हीच तुलना कामी येते. इथे माप खरे बोलते.

पण दुसरे उदाहरण घ्या. पुण्याच्या उष्णप्रदेशीय हवामान संस्थेचे पहिले संचालक पी. आर. पिशारोटी यांना भारतातील दूरसंवेदनाचे जनक मानतात. १९७० च्या सुमारास केरळातील नारळाच्या बागांवरून हेलिकॉप्टर नेऊन, अवरक्त फिल्मवर छायाचित्रे घेऊन, माडांचा मूळमर रोग हुडकण्याचा प्रयोग त्यांच्या पुढाकाराने झाला. १९८८ साली नियमित कामासाठीचा आपला पहिला दूरसंवेदन उपग्रह आकाशात गेला. उपग्रहचित्रांवरून पुढे भूजलाचे नकाशे तयार झाले.

तुम्ही म्हणाल, मग याचेही उल्लेख मोजा! पण नकाशा पाहून विहिरीची जागा ठरवणारा माणूस निबंध लिहीत नाही. त्या विहिरीचं पाणी पिणारी बाई तर नाहीच नाही. मग नोंद करायची कुणी? पाणी लागले, पण वहीत काही चढले नाही.

आणखीही खोड्या आहेत. चूक दाखवण्यासाठी केलेला उल्लेखही उल्लेखच धरला जातो. काहीजण आपल्याच जुन्या निबंधांचा उल्लेख करीत सुटतात. वयोवृद्ध संशोधकाचा आकडा खाली येत नाही, आणि कालच कामाला लागलेल्या हुशार मुलीचा आकडा मात्र शून्य असतो. अशा आकड्यावरच निवड होऊ लागली, तर तरुण संशोधक आपल्या तालुक्यातील पाण्याचा प्रश्न सोडून, परदेशी नियतकालिकांत चलती असलेला विषय धरील. नुकसान त्याचे नाही; तालुक्याचे आहे.

यावर उपाय काय? २०१५ साली ‘लायडन जाहीरनामा’ निघाला. आकड्यांनी जाणकारांच्या मताला आधार द्यावा, त्यांची जागा घेऊ नये, असे त्यात सांगितले आहे. स्थानिक महत्त्वाच्या संशोधनाला जपावे, असेही त्यात आहे.

शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको. गुणपत्रिका पाहिल्याशिवाय मूल कळत नाही, आणि नुसती गुणपत्रिका पाहूनही कळत नाही. उल्लेख जरूर मोजावेत. पण मोजून झाल्यावर आणखी एक प्रश्न विचारावा: या कामाने कुणाचे अडलेले काम सुटले?